हशाची जागा

१

दिग्दर्शकाचा दिवस सकाळी दहा वाजता संकलनाच्या खोलीत सुरू व्हायचा, आणि सुरू व्हायचा तो कुरकुरीनं. चहा गार झालाय, एसी फार लावलाय, कालची फाइल उघडायला एवढा वेळ कशाला लागतो. कुरकुर संपली की तो मागच्या सोफ्यावर पाय पसरून बसायचा आणि पुढे काम करणाऱ्या ताईंना सूचना द्यायचा. त्यातल्या निम्म्या सूचना ताई ऐकायच्या आणि निम्म्या ऐकल्यासारखं करायच्या.

आता दिग्दर्शक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोणी मोठा माणूस आला असेल, तर त्याला आधी बाजूला करा. ह्याचा हा दुसराच सिनेमा. पहिला त्याच्या वहिनीनं दोनदा पाहिला होता, आणि इतर कोणी फारसा एकदाही नाही. पण ह्याचा रुबाब विचारू नका! बोलताना अधूनमधून डोळे मिटायचा, म्हणजे समोरच्याला वाटावं की आत फार खोलवर काहीतरी चाललंय.

ताई संकलन करत. पन्नाशी उलटलेली, मोजकं बोलणारी बाई. त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना राखाडी जाड कापड लावलेलं, दार लावलं की बाहेरचं जग बंद. आपण आवंढा गिळला तरी तो आपल्यालाच ऐकू यायचा.

सिनेमा विनोदी होता, पण कडवट. नायक असा की बघणाऱ्याला त्याचा रागच यावा. कारखान्यात सुटे भाग सांभाळणारा एक स्टोअरकीपर. आपल्याशिवाय कारखाना बंद पडेल अशी त्याची ठाम समजूत. निवृत्तीच्या दिवशी तो चाळीस मिनिटं भाषण ठोकतो, लोक हसून हसून बेजार होतात, आणि ह्याला वाटतं आपण सभा जिंकली. पडद्यावर ते भाषण वीस मिनिटं चालायचं आणि सिनेमाचा सगळा जीव त्या वीस मिनिटांत होता.

विनोदी सिनेमा हातात आला की ताई एक गोष्ट न चुकता करत. साठ माणसं बोलावून चाचणीचा खेळ लावायचा, थिएटरच्या छताला दोन माइक टांगायचे आणि प्रेक्षकांचा हशा रेकॉर्ड करून आणायचा. मग तो हशा चित्राखाली वेगळ्या ट्रॅकवर टाकायचा. जिथे लोक जोरात हसले तिथे पुढच्या वाक्याच्या आधी थोडी मोकळी जागा सोडायची, नाहीतर ते वाक्य हशात बुडून जातं. ह्या मोकळ्या जागेला ताई 'हशाची जागा' म्हणत. कुठे एक सेकंद, कुठे दोन, भाषणात एका ठिकाणी चक्क चार.

त्या सोमवारी ताईंनी सिनेमाचा आवाज बंद करून नुसता प्रेक्षकांचा ट्रॅक लावला होता. खोलीत साठ माणसांचा श्वास, मधेच कोणाचं खोकणं, मधेच हशा. हशा आला की ताई खूण करत. दिग्दर्शक मागे बसून बोलत होता, कारण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"एक सांगू का ताई? दुसरा कोणी असता तर त्यानं ह्या माणसाची टिंगल केली असती. मी ते प्रेमानं केलंय."

आणि साठ माणसं एकदम खो खो हसली.

"वा! काय टायमिंग आहे!" दिग्दर्शकही हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी चित्र पाहिलं. पडद्यावर नायक नुसता कपाटाला कुलूप लावत होता.

"इथे कोण हसलं?" ताई म्हणाल्या.

"असेल हो. कोणीतरी शेजारच्याच्या कानात काही बोललं असेल."

"साठही जणांच्या?" ताईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खूण केली.

२

दुपारी दादाचा फोन आला. दिग्दर्शक तो घ्यायला बाहेरच्या बोळात गेला.

दादा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले आणि आई अंथरुणाला खिळलेली. ह्याचा डबा, ह्याची फाटलेली चप्पल, शाळेत बाईंनी बोलावलं की हात जोडून जाणं, सगळं दादानं केलं. दादा नोकरीला होता एका कारखान्यात. स्टोअरकीपर. चौतीस वर्षं.

आलं ना लक्षात? तीन वर्षांपूर्वी दादा निवृत्त झाला. कॅन्टीनच्या हॉलमध्ये समारंभ होता. दादा उभा राहिला आणि चाळीस मिनिटं बोलला. सात नंबरच्या कप्प्यातल्या वॉशरपासून सुरुवात केली. वजनकाट्याचे आभार मानले. स्टेपलरचे मानले. एकशे बारा नंबरचा बोल्ट एकदा हरवला होता, तो कसा सापडला हे सांगताना त्याचा गळा दाटून आला. लोक टेबलं बडवत होते, एकमेकांच्या अंगावर पडत होते. मधल्या ओळीत बसून दिग्दर्शक हे सगळं मोबाइलवर टिपत होता. पुढे त्याच्या नटानं ते पाहून पाहून घोटलं, अगदी दादा रुमालाची घडी कशी उलटी घालतो तेसुद्धा.

आणि दादासाठी तो आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता. कोणी पाहुणा आला की दादा सांगायचा, "त्या दिवशी लोकांनी हॉल नुसता डोक्यावर घेतला होता."

"छोट्या," फोनवर दादा म्हणाला, "शुक्रवारच्या पहिल्या खेळाला आम्ही सगळे येतोय हं. स्टोअरमधली माणसं, आमचे सुपरवायझर, कॅन्टीनवालेसुद्धा. मी प्रत्येकाला घरी जाऊन सांगून आलो."

दिग्दर्शकानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादा, सिनेमा जरा वेगळा आहे रे."

"वेगळा असणारच. तू काढलायस म्हटल्यावर!"

फोन ठेवल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. दादा पहिल्या रांगेत बसणार, आणि भोवती तीच माणसं. हॉल कशासाठी डोक्यावर घेतला होता ते त्या माणसांच्या देखत दादाला पडद्यावर दिसणार. म्हाताऱ्याजवळ मिरवायला एकच दिवस होता, आणि तो आपण काढून घेतोय. मध्ये तीन दिवस होते. ह्या तीन दिवसांत जाऊन, समोर बसून, तोंडानं सांगायला हवं होतं. दुसरा काही रस्ता नव्हता.

"उद्या जातो," तो स्वतःशीच पुटपुटला. "उद्या नक्की."

बंद दारामागे हशा झाला.

त्यानं दार उघडलं. ताई जेवायला गेल्या होत्या. दोन्ही पडदे काळे होते, स्पीकरचे दिवे विझलेले. एसी तेवढा घरघरत होता. शेजारच्या खोलीत कोणीतरी काहीतरी बघत असेल, असं त्यानं ठरवलं. शेजारच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं, पण तिकडे त्यानं बघायचं टाळलं.

३

मंगळवारी तो दादाकडे गेला नाही. काम होतं, असं म्हणू या.

"सर, हे बघा," ताई म्हणाल्या. "शनिवारी मी पूर्ण ट्रॅकवर खुणा केल्या होत्या. एक्केचाळीस हशे. काल चव्वेचाळीस झाले. आज सत्तेचाळीस आहेत."

"तुमची मोजणी चुकली असेल."

"एकतीस वर्षांत चुकली नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. आवाजाच्या सपाट रेघेवर मधेच निळ्या उभ्या रेघांची गर्दी होती. "ही कालपर्यंत नव्हती."

दिग्दर्शकाचं डोकं भराभर चालायला लागलं. फाइलची दुसरी प्रत उघडली गेली असेल. माइकमध्ये काही दोष असेल. ताईंचं वय झालं, हेही मनात येऊन गेलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलंही असावं, कारण ताईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"लावा बरं एकदा," तो म्हणाला. "चित्र नको. नुसता हा."

श्वास सुरू झाले. कोणीतरी पाय हलवला. कागद चुरगळल्याचा आवाज आला. साठ माणसं अंधारात बसून वाट बघत होती, एवढंच ऐकू येत होतं. दिग्दर्शकानं घसा साफ केला.

"आज मंगळवार," तो म्हणाला.

काही नाही.

"माझी पाठ दुखते."

काही नाही. मागून एक बारीक खोकला.

त्याला जरा हायसं वाटलं. काय हा वेडेपणा, शिकलासवरलेला माणूस आपण! तो ताईंकडे बघून हसला आणि सहज म्हणाला, "आणि हे बघा, दादाला मी सगळं सांगणारच आहे. मी काही लपवणारा माणूस नाही."

हशा असा उसळला की स्पीकरची जाळी थरथरली. टाळ्यासुद्धा पडल्या. कोणीतरी "आई गं!" म्हणून डोळे पुसत असावं असा आवाज आला.

ताईंनी बटण दाबलं. खोली गप्प झाली.

"मी हा ट्रॅक काढून टाकते," ताई म्हणाल्या. "कापाकापी तशीही झालीय. आणि सर, लहान तोंडी मोठा घास घेते. तो मोबाइलवरचा व्हिडिओ तुम्ही मला नमुना म्हणून दिला होतात. मी पूर्ण पाहिलाय. तुम्ही दादांकडे जा."

"जातोय हो!" तो खेकसला. खेकसल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली, पण माफी मागायची त्याला सवय नव्हती.

४

बुधवारी दुपारी एका वर्तमानपत्राची बातमीदार मुलाखतीला आली. मुलगी चुणचुणीत होती. निर्मात्याच्या कचेरीत, काचेच्या मोठ्या टेबलाशी दोघं बसली. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर गाड्या होत्या, कोणीतरी वरच्या मजल्यावर खिळे ठोकत होतं. असल्या जागी कशाला काय होतंय, असं दिग्दर्शकाला वाटलं आणि तो सैलावला.

"नायक खऱ्या माणसावरून घेतलाय का?" तिनं विचारलं.

"छे, छे. कल्पना. निव्वळ कल्पना."

हशा भिंतीतून आला. मोठा नव्हता, पण ओळखीचा होता. तीच माणसं. पुढे उजवीकडे बसणारी ती एक बाई, जिचं हसू उचकीसारखं यायचं. मागचा तो खोकणारा. इतक्या वेळा ऐकून दिग्दर्शकाला एकेकाची जागा पाठ झाली होती. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून लिहीत होती.

"काही आवाज येतोय का?"

"वर ठोकाठोकी चाललीय," ती म्हणाली. "तुमच्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कोणाचा?"

आता इथे जे झालं ते सांगायला मला संकोच वाटतो, आणि त्यालाही पुढे फार वाटला. घाबरलेला माणूस उठून गेला असता. हा उठला नाही. ह्यानं डोळे मिटले, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "माझा दादा. मी आज जो काही आहे, तो त्याच्यामुळे. हा सिनेमा म्हणजे त्याला माझा नमस्कार आहे."

हशा कोसळला. आणि दिग्दर्शकाला, खोटं कशाला बोला, आतून गुदगुल्या झाल्या. इतका मोठा हशा त्याच्या पहिल्या सिनेमाला मिळाला नव्हता. पुढचं वाक्य त्यानं थोडं खुलवून टाकलं. त्याच्या पुढचं आणखी खुलवून. दादाच्या कष्टांवर बोलला, दादाच्या साधेपणावर बोलला, एकदा तर गळाही दाटून आणला. प्रत्येक वाक्यानंतर हशा यायचा आणि प्रत्येक वेळी तो ओसरेपर्यंत हा गप्प राहायचा.

"सर, एक विचारू?" मुलगी म्हणाली. "तुम्ही मधेमधे असे थांबता का? दोन-दोन सेकंद. बरं वाटतंय ना तुम्हाला?"

तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. दिग्दर्शकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्याच भावाला विकून आपण टाळ्या घेतोय हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. कळलं आणि दुसऱ्या क्षणी त्याला वाटलं, हे वाक्य मोठ्यानं म्हणायला हवं होतं, ह्याला फार मोठा हशा आला असता.

त्यानं मुलाखत अर्ध्यावर संपवली.

५

गुरुवारी सकाळी नऊला थिएटरमध्ये शेवटची तपासणी होती. जिथे चाचणीचा खेळ झाला तेच लहान थिएटर. ताई वर मशीनच्या खोलीत होत्या. चित्र ठीक होतं, आवाज ठीक होता. तपासणी संपली, दिवे लागले.

"ताई, पाच मिनिटं थांबा," दिग्दर्शक खालून ओरडला. "उद्या खेळाच्या आधी मी दोन शब्द बोलणार आहे. एकदा म्हणून बघतो."

तो पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. खिशातून कागद काढला. समोर खुर्च्यांच्या ओळी होत्या. उठलं की बैठक आपोआप वर मिटणाऱ्या, लाल कापडाच्या खुर्च्या. दोनशे खुर्च्या, सगळ्या मिटलेल्या. झाडूवाल्यानं नुकतंच झाडलं होतं, हवेत धूळ तरंगत होती.

"उपस्थित रसिकहो," त्यानं सुरुवात केली. "माझा दादा आज इथे, पहिल्या रांगेत बसला आहे. काही लोक म्हणतील, मी त्याची चेष्टा केली. पण मी त्याला अमर केलंय."

त्यानं वर पाहिलं. पुढे उजवीकडची एक खुर्ची उघडी होती.

मघाशी सगळ्या मिटलेल्या होत्या ना? असेल एखादी बिघडलेली, स्प्रिंग गेलेली. त्यानं कागदात डोकं घातलं. पुढचा परिच्छेद वाचला. हशा आला, ऐसपैस, पोटभर. त्यानं पुन्हा वर पाहिलं तेव्हा तिसरी ओळ पूर्ण उघडी होती. बैठका आडव्या, जराशा खाली दबलेल्या. कापडाला वजनाच्या सुरकुत्या पडल्या होत्या. धूळ त्या खुर्च्यांच्या वर येऊन थांबत होती आणि बाजूनं वळसा घालून खाली जात होती.

पळावं असं वाटत होतं. पण तोंड? तोंड बोलतच होतं. वाक्यामागून वाक्य. प्रेम, कृतज्ञता, कलावंताची जबाबदारी. प्रत्येक वाक्याला आणखी चार खुर्च्या.

"सर!" वरच्या खिडकीतून ताईंची हाक आली. "सर, बस करा!"

त्याचं तोंड मिटलं. कागद हातात ओला झाला होता. घड्याळ पाहिलं तर बारा वाजायला आले होते. त्याच्या हिशोबानं तो जेमतेम तीन मिनिटं बोलला होता.

ताई जिन्यानं धावत खाली आल्या. त्यांच्या ओठांना रंग नव्हता. "चाळीस मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "मी चार वेळा हाक मारली. तुम्ही दर वेळी थांबायचात, खुर्च्यांकडे बघून हसायचात आणि पुन्हा सुरू व्हायचात."

"तुम्हाला दिसलं?" त्यानं विचारलं. "ऐकू आलं?"

ताईंनी मान फिरवली. मागच्या दोनशे खुर्च्या मिटलेल्या होत्या. "मला तुम्ही दिसलात, सर," त्या म्हणाल्या. "तेवढं पुरे झालं."

दिग्दर्शकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःला बाहेरून पाहिलं होतं, आणि जो दिसला तो त्याला अजिबात आवडला नव्हता.

६

तो तिथून तडक दादाकडे गेला. तिसरा मजला. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. पुढची खोली लहान, स्वच्छ. आतल्या खोलीच्या दारात जमिनीपासून वीतभर वर असलेला निळा पडदा. वहिनी टेबलावर दादाचा पांढरा शर्ट इस्त्री करत होत्या. दादा खुर्चीत बसून बुटांना पॉलिश लावत होता.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "उद्याचीच तयारी चाललीय. आठवडाभर दुसरा विषय नाही ह्या घरात."

"बस रे छोट्या. चेहरा का असा झालाय? जेवलायस का?"

दिग्दर्शक बसला नाही. बसलो तर बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं. "दादा, सिनेमा तुझ्यावर आहे," तो म्हणाला. "तुझ्या त्या भाषणावर. ते लोक तुझं कौतुक करत नव्हते रे. हसत होते तुला. सगळे. मी पण. आणि तेच मी पडद्यावर टाकलंय. उद्या तू येऊ नकोस. माझं फार चुकलं, दादा."

बोलून झालं. एवढं सरळ तो कधीच बोलला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं आणि ते आणलेलं नव्हतं. वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली.

दादानं बूट खाली ठेवला. बोटाला लागलेलं काळं फडक्याला पुसलं, सावकाश, एकेक बोट.

"मला माहीत आहे रे ते," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"हसत होते ते. वेडा आहे का मी? पहिल्या वॉशरलाच हसले. घशाला कोरड पडली माझ्या. म्हटलं, कागद घडी करावा आणि बसावं खाली. तेवढ्यात तू दिसलास, मधल्या ओळीत. तू हसत होतास. पोट धरून, लहानपणी हसायचास तसा. आई गेल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं." दादानं मान हलवली. "म्हटलं, अजून थोडं बोलू या. स्टेपलरचं तर मी तिथल्या तिथे जुळवलं."



"घरी येऊन पाठ टेकवली नाही ह्यांनी," वहिनी हळू म्हणाल्या. "पण मला बजावलं, त्याला कळू द्यायचं नाही. हसलाय तो, हसू दे."

"मोबाइल धरलेलाही दिसला होता मला," दादा म्हणाला. "त्याचं काहीतरी करशील हे वाटलंच होतं. म्हणून तर सगळ्यांना सांगून आलो. अरे, विनोदी सिनेमा म्हणजे हसायला माणसं नकोत का? आमची माणसं बरी हसतात. सराव आहे त्यांना." आणि तो स्वतःच जरासा हसला. मग त्यानं हात पुढे केला. "ये, बस इथे."

हात पुढे होता. काळ्या पॉलिशचा एक डाग अंगठ्यावर तसाच राहिला होता. छोट्यानं तो हात धरायचा होता, एवढंच.

पण त्याचे कान दुसरीकडे लागले होते. हशा आला नव्हता. त्याच्या कबुलीला आला नव्हता, दादाच्या बोलण्याला आला नव्हता. साठ माणसांचा श्वास मात्र होता, आतल्या खोलीतून येत होता. मग एक पाय सरकला. कोणीतरी उठलं. आणखी कोणी उठलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं. पडदा आणि जमीन ह्यांच्या मधल्या वीतभर फटीत बूट होते. चपला होत्या. दाटीवाटीनं, ओळीनं. इकडे तोंड करून असलेली ती पावलं एकेक करून वळत होती आणि चालू लागत होती. खेळ संपायच्या आधी उठून जातात तशी.

"थांबा," दिग्दर्शक म्हणाला.

"कोणाला, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"थांबा! अजून संपलं नाही!" तो ओरडला, आणि दादाच्या हाताला वळसा घालून पडद्याकडे धावला. पडदा बाजूला केला. पलंग, कपाट, घडी घातलेलं पांघरूण. पावलं आता पाठीमागे होती, बाहेरच्या दाराशी, जिन्यावर. तो वळला, पुढच्या खोलीतून तसाच पळत बाहेर पडला, अर्धा जिना उतरला. जिना रिकामा होता. दुपारचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. खालून कुठूनतरी खूप पावलं दूर जात होती, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

वर दार उघडंच होतं.

"काय झालं हो त्यांना?" वहिनींचा आवाज आला.

"राहू दे," दादा म्हणाला. "कामं असतात त्याला."

परत सात पायऱ्या चढायच्या होत्या, आत जायचं होतं, दादाजवळ बसायचं होतं. हे दिग्दर्शकाला कळत होतं. लाजेनं त्याचं अंग जळत होतं. तरी तो कठडा धरून खालच्या बाजूला कान लावून उभा राहिला. दादाच्या ह्या वाक्याला तरी कोणी हसायला हवं होतं.

कोणी हसलं नाही. वर खुर्ची सरकली, आणि दादानं दुसरा बूट घासायला घेतल्याचा आवाज येऊ लागला.